मीटरबाईंचा उजवा कान

“मला कमी ऐकू येतं हे मला माहीत आहे, तुम्हाला जास्त ऐकू येतं हे तुम्हाला कोणी सांगितलं?” मीटरबाई एकदा आमच्या मंडळात असं म्हणाल्या, आणि त्याच दिवशी त्यांचं मत मोजायचं नाही असं ठरलं.

मंडळ म्हणजे त्यांना सोडून अकरा माणसं आणि चष्म्याच्या दुकानावरची एक लांबट खोली. दुकान आणि खोली दोन्ही आमच्यातल्याच एकाची. त्याला आम्ही चष्मेवाला म्हणायचो. रविवारी सकाळी दहाला जमायचं, आळीपाळीनं हेडफोन कानाला लावायचा आणि डोळे मिटायचे. गाणं कोणतं लागलंय याला फारसं महत्त्व नसे. ते कोणत्या अ‍ॅम्प्लिफायरमधून येतंय यावर मात्र चहा गार होईपर्यंत बोलणं चाले. अ‍ॅम्प्लिफायर दोन जातींचे. एक व्हॉल्व्हचा: काचेच्या नळ्या, आत तापलेली तार, लालसर उजेड, जवळ हात नेला की ऊब. दुसरा ट्रान्झिस्टरचा: नखाएवढे काळे तुकडे, ज्यांच्याकडे बघून काहीच वाटत नाही. आम्ही अकराही जण व्हॉल्व्हचे. उजेडाकडे बघत ऐकणाऱ्या माणसाला आवाजही उजळ वाटतो, हे तेव्हा आम्हाला कळत नव्हतं.

मंडळाचे प्रमुख दाताचे डॉक्टर. चार नळ्यांचा मोठा अ‍ॅम्प्लिफायर त्यांचाच. “ट्रान्झिस्टर म्हणजे कवळी,” ते म्हणायचे. “चावता येतं, पण चव लागत नाही.” यावर आम्ही दर वेळी हसायचो. मीटरबाई हसत नसत. त्यांना विनोद ऐकू आला नाही असं आम्ही धरून चालायचो.

बाई टेलिफोन एक्स्चेंजच्या टेस्ट रूममध्ये एकतीस वर्षं होत्या. तक्रार आली की ती लाइन आपल्या कानात घ्यायची आणि तार कुठे दुखतेय ते सांगायचं, हे त्यांचं काम. ओल लागलेला सांधा कुरकुरतो, तुटलेली तार मेल्यासारखी गप्प असते, दोन तारा चिकटल्या की परक्या घरातलं भांडण आपल्या कानात येतं. त्या नुसत्या ऐकून सांगायच्या आणि मग मीटर लावून खात्री करायच्या. नुसतं ऐकून सांगितलेलं त्यांना स्वतःलाच पटत नसे. एका दुपारी दूरच्या खांबावर वीज पडली, तारेतून आली आणि बाईंच्या डाव्या कानात येऊन संपली. दुसऱ्या दिवशी त्यांनी हेडसेट उजव्या कानाला लावला आणि पुढची चौदा वर्षं काम केलं. निवृत्त होताना साहेबांनी भेट काय हवी असं विचारलं, तेव्हा त्यांनी टेस्ट रूममधला काट्याचा मीटर मागून घेतला. म्हणून मीटरबाई. नाव डॉक्टरांनी ठेवलं होतं, टोमणा म्हणून. बाईंनी ते असं घेतलं की जणू ती पदवीच आहे.

तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत त्या आणि त्यांची थोरली बहीण राहायच्या. जेवायच्या टेबलाचा अर्धा भाग बाईंचा. तिथे त्या ट्रान्झिस्टरचे हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर बनवत.

“मिठाच्या बरणीत काल दोन रेझिस्टर निघाले,” ताई आल्यागेल्याला सांगायच्या. “आणि भाजी अळणीच होती.”

बाईंची तपासायची रीत वेगळी होती. उजवी बाजू आधी उजव्या कानावर ऐकायची, मग हेडफोन फिरवून उलटा घालायचा आणि डावी बाजूही त्याच कानावर. एका कानाला दोघांचं काम. त्यामुळे वेळ दुप्पट लागे. वर्षभरात त्यांनी आठ डबे केले, पत्र्याचे, राखाडी, एकाच मापाचे. आठच का, तर गल्लीच्या टोकाला संगीतशाळा होती. तिथे मुलांना ऐकायला एक खोली तयार होत होती आणि त्या खोलीत जागा आठ होत्या. मुलं हेडफोन लावून तासन्‌तास ऐकणार आणि ऐकलेलं स्वरांत लिहून काढणार. अ‍ॅम्प्लिफायर कोणते घ्यायचे हे शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंनी आमच्या मंडळाला विचारलं होतं. आपले आठ डबे त्या खोलीत लागावेत एवढीच मीटरबाईंची इच्छा होती. ती त्यांनी बोलून दाखवली नाही. डबे जेवायच्या टेबलाखाली रांगेनं ठेवलेले असत आणि ताईंच्या पायाला लागत.

डॉक्टरांचा मोठा व्हॉल्व्ह आणि बाईंचा एक डबा यांची पहिली तुलना आम्ही आमच्या रिवाजानं केली. दोन्ही अ‍ॅम्प्लिफायर शेजारी ठेवले, दोन्हींची आवाजाची बटणं बरोबर मधोमध आणली. बटण मधोमध, म्हणजे दोघांना समान न्याय. यात काही चूक असेल असं अकरापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. अकरा मतं व्हॉल्व्हला पडली. “पोकळी भरून येते,” कोणीतरी म्हणालं. “ट्रान्झिस्टर कोरडा आहे,” चष्मेवाला म्हणाला.

आम्ही एकमेकांचं अभिनंदन करत होतो तेवढ्यात मीटरबाईंनी मीटरच्या तारा लावून पाहिल्या.

“डॉक्टर, तुमचा मोठा वाजतोय.”

“गोड वाजतोय, बाई.”

“काटा दोन रेघा पुढे आहे. एवढा फरक मोठा म्हणून कळत नाही. चांगला म्हणून कळतो.”

“आता काट्याला पण कान फुटले का?”

सगळे हसले. तुलना बघायला आलेल्या मुख्याध्यापिकाबाई हसल्या नाहीत. त्या मुलांना स्वर शिकवणाऱ्या. वर्गात मोठ्यानं गाणारं मूल बरोबर गातंय असं बाकीच्यांना वाटतं, हे त्यांनी रोज पाहिलेलं. त्या म्हणाल्या, “पुढच्या रविवारी पुन्हा करू. आवाज मीटरनं सारखा करायचा आणि ऐकणाऱ्यानं टेबलाकडे पाठ करून बसायचं. प्रत्येकाला दहा वेळा ऐकवू, प्रत्येक वेळी कोणता वाजतोय ते सांगायचं. या खोलीतल्या कोणालाही दहापैकी आठ वेळा ओळखता आलं, तर फरक आहे असं मी मानीन आणि तुमचे व्हॉल्व्ह घेईन. नाही आलं, तर यांचे डबे. ते तापत नाहीत, नळ्या बदलाव्या लागत नाहीत. मंजूर?”

डॉक्टर म्हणाले, “आठ कशाला? दहाच्या दहा सांगतो.”

पुढच्या रविवारी मीटरबाई आल्या. पिशवी ताईंच्या हातात. ताईंना आवाजातलं काही कळत नव्हतं. त्या टेबलाखालची जागा मोकळी होते का ते बघायला आल्या होत्या. बाईंनी मंडळाचा हेडफोन जोडला, एकसुरी शिट्टी वाजवली आणि दोन्ही यंत्रांचा काटा एकाच रेघेवर येईपर्यंत बटणं केसाकेसानं फिरवली. एक खटक्याची पेटी त्यांनी घरून करून आणली होती. खटका इकडे केला की व्हॉल्व्ह, तिकडे केला की ट्रान्झिस्टर. त्याचा आवाजही येऊ नये म्हणून त्यात रबर घातलं होतं. मुख्याध्यापिकाबाई नाणं उडवायच्या आणि नाणं सांगेल तसा खटका फिरवायच्या. आम्ही एकेक करून भिंतीकडे तोंड करून बसलो. शिक्षा झालेल्या मुलांसारखे.

चष्मेवाला पहिला. “हा व्हॉल्व्ह! ऊब बघा ना!” ट्रान्झिस्टर चालू होता. दहातले चार बरोबर. त्याच्यानंतर सहा. मग पाच, पाच, तीन, सहा; उरलेल्या चौघांचंही तसंच. नाणं नुसतं उडवून सांगितलं असतं तरी एवढंच जमलं असतं. खोलीत कोणी कोणाकडे बघेना. इतकी वर्षं डोळे मिटून आम्ही ज्या ऊबेचं वर्णन करत होतो, ती ऊब हातांनी आणि डोळ्यांनी घेतली होती, कानांनी नव्हे. असं काही कळलं की माणसाला आपलाच आवाज परका वाटतो.

शेवटी डॉक्टर उठले. “तुमचा हेडफोन बोथट आहे,” ते म्हणाले. कातडी पेटीतून त्यांनी स्वतःचा हेडफोन काढला, लावला आणि बसले. व्हॉल्व्ह. व्हॉल्व्ह. ट्रान्झिस्टर. न अडखळता, दात मोजावेत तसे. दहापैकी नऊ.

आम्ही टाळ्या पिटल्या. अब्रू वाचली होती. ताईंनी पिशवी उचलली. “चल गं, निघू. डबे आहेत तिथेच राहू देत.”

मीटरबाई हलल्या नाहीत. “हेडफोन बदलला,” त्या म्हणाल्या.

“मग? माझा आहे. चांगला आहे.”

“चांगलाच आहे. पण मी मापलं ते मंडळाच्या हेडफोनवर. जास्त वीज ओढणारा हेडफोन लावला की व्हॉल्व्ह दबतो, कमी ओढणारा लावला की वर येतो. माझा डबा कशानंच हलत नाही. बघा.” त्यांनी शिट्टी लावली. मुख्याध्यापिकाबाई वाकल्या. खटका ट्रान्झिस्टरकडे, काटा रेघेवर. खटका व्हॉल्व्हकडे, काटा दोन रेघा पुढे.

“तुमचा कान छान आहे, डॉक्टर,” मीटरबाई म्हणाल्या. यात टोमणा नव्हता. “तुम्ही मोठा कोणता ते नऊ वेळा ओळखलंत. व्हॉल्व्ह एकदाही ओळखला नाहीत.”

बटणं पुन्हा केसाकेसानं फिरली. डॉक्टर त्याच हेडफोनवर पुन्हा बसले. या वेळी अडखळले, मान वाकडी केली, एकदा “थांबा, थांबा” म्हणाले. दहापैकी पाच.

ते उठले तेव्हा त्यांचा चेहरा, दात दुखत असूनही दवाखान्यात जायचं टाळणाऱ्या माणसासारखा झाला होता. अशा वेळी माणूस काहीतरी टोचून बोलतो. ते म्हणाले, “मग आता मीटरबाईंनीच बसावं की! एका कानावर किती जमतंय ते तरी बघू.”

थोडं हसू फुटलं. मीटरबाई खुर्चीकडे निघाल्या आणि ताईंच्या लक्षात आलं. खोलीत सगळ्यात आधी त्यांच्याच. “अगं, बसू नकोस! या खोलीतल्या कोणालाही म्हणाल्यात त्या. तुला ओळखता आलं तर तूच हरशील! नाहीतर तीन चुका कर. फक्त तीन!”

पुटपुटायची सवय त्या घरात कोणालाच नव्हती, त्यामुळे हे खाली दुकानापर्यंत गेलं असेल.

“ताई, गप्प बस जरा. मला ऐकू दे.”

त्यांनी मंडळाचा हेडफोन घेतला, बटणं त्याच्यावर परत मापून घेतली आणि तो उलटा फिरवून घातला. पाठ ताठ. हात मांडीवर. गाणं लागलं तरी त्या काही बोलेनात. गाणं थांबलं, पुढचं सुरू व्हायच्या आधीच्या त्या रिकाम्या दोन क्षणांत त्यांनी मान किंचित हलवली आणि म्हणाल्या, “व्हॉल्व्ह.”

बरोबर.

“ट्रान्झिस्टर.” बरोबर. प्रत्येक वेळी गाणं संपायची वाट बघायची, मग उत्तर. सातवं बरोबर आलं तेव्हा ताईंनी कपाळावर हात मारला. तीन चुकांना अजून जागा होती. आठव्याला मीटरबाई जरा जास्त वेळ थांबल्या. वर्षभर टेबलावर वाकलेली पाठ मला मागून दिसत होती. “व्हॉल्व्ह,” त्या म्हणाल्या. मग नववं. मग दहावं. दहापैकी दहा.

 डॉक्टरच आधी भानावर आले. “म्हणजे फरक आहे! दहापैकी दहा! ठरल्याप्रमाणे व्हॉल्व्ह.”

“यांचं मत मोजायचं नाही असं तुमच्या मंडळानं ठरवलंय ना?” मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं.

“आता मोजू या! एवढा कान असल्यावर मोजायलाच पाहिजे.”

“मोजू या. पण आकडा घ्यायचा तर कानानं काय ऐकलं तेही घ्यायचं.” त्या मीटरबाईंकडे वळल्या. “कशावरून ओळखलंत?”

“गाण्यात नाही ओळखता येत. दोघं सारखेच आहेत,” मीटरबाई म्हणाल्या. “गाणं थांबलं की व्हॉल्व्ह गुणगुणतो. खाली, बारीक. एक्स्चेंजमध्ये असली लाइन आम्ही दुरुस्तीला पाठवायचो.”

मुख्याध्यापिकाबाईंनी हेडफोन लावला. सगळं बंद करायला सांगितलं, चष्मेवाल्याचा पंखासुद्धा. खटका व्हॉल्व्हकडे. त्या बराच वेळ बसून राहिल्या. मग त्यांच्या भुवया हळूच वर गेल्या. खटका ट्रान्झिस्टरकडे केला आणि भुवया खाली आल्या.

“डॉक्टर, तुम्ही ऐका.”

डॉक्टरांनी ऐकलं. कशासाठी ऐकायचं हे कळल्यावर त्यांनाही ऐकू आलं. मग रांग लागली, आणि अकराही जणांनी आपल्या आवडत्या यंत्राच्या पोटातलं ते गुणगुणणं पहिल्यांदा ऐकलं. इतकी वर्षं ते तिथेच होतं. शांतता ऐकायची असते हे आम्हाला माहीत नव्हतं.

“माझी मुलं रोज चार तास तिथे बसणार,” मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या. “दोन स्वरांमधली जागा त्यांना रिकामी मिळाली पाहिजे. मी फरक आहे का असं विचारलं. फरक चांगला की वाईट हे विचारायला विसरले, ही माझी चूक. तुम्हाला हरकत आहे, डॉक्टर?”

डॉक्टरांनी हेडफोन काढून ठेवला. त्यांच्या नळ्या लाल दिसत होत्या, आणि आज प्रथमच त्यांच्याकडे कोणी बघत नव्हतं. “नाही,” ते म्हणाले. मग स्वतःहून मंडळाची वही पुढे ओढली, मतदारांच्या यादीत बारावा आकडा घातला आणि थांबले. “बाई, तुमचं खरं नाव काय लिहू? मीटरबाई नको.”

“मीटरबाईच लिहा,” ताई म्हणाल्या. “त्या नावानंच हरवलंय तुम्हाला.”

आता हसलो ते सगळे, डॉक्टरही. चष्मेवाल्यानं खुर्ची पुढे आणली. टाळ्या सुरू झाल्या आणि थांबेचनात. मुख्याध्यापिकाबाईंनी आठही डबे उद्याच शाळेत आणा म्हणून सांगितलं. ताईंनी आनंदानं दोन्ही पाय लांब पसरले, जणू टेबलाखालची जागा आत्ताच मोकळी झाली. “बोला, बाई! दोन शब्द तरी बोला!” आम्ही सगळे ओरडत होतो.

मीटरबाईंनी तारा गुंडाळल्या आणि मीटरच्या काट्यावरची कडी लावली. खटक्याची पेटी पिशवीत घातली, मग काय वाटलं कोणास ठाऊक, पुन्हा काढून डॉक्टरांच्या अ‍ॅम्प्लिफायरजवळ ठेवली, त्यांच्यासाठी. पदर सारखा केला. आमच्या सगळ्यांकडे एकदा नीट पाहिलं, आणि त्या जिन्यानं खाली गेल्या.