तिसऱ्या पाण्याची गोष्ट

नैरोबीजवळच्या थिका शहरात, लोकर रंगवण्याच्या कारखान्यात, स्योकाउ मुसेंबीने बावीस वर्षं हौदापाशी उभं राहून काढली. मग गुडघ्याने असहकार पुकारला. मॅनेजर किथाका साहेबांनी तिला खुर्ची दिली, एक जाडजूड वही दिली आणि तिकडच्या रीतीप्रमाणे तिच्या मुलाच्या नावाने हाक मारत म्हणाले, "कियोकोच्या आई, आजपासून तुम्ही पर्यावरण विभाग."

"विभागात आणखी कोण कोण आहे?"

"तुम्हीच."

परदेशातल्या गिऱ्हाइकांना प्रमाणपत्र हवं होतं. त्यासाठी किती पाणी घेतलं, किती सोडलं, कोणत्या रंगाचं सोडलं, काय चुकलं, का चुकलं, पुढे काय केलं, सगळं रोजच्या रोज लिहायचं. साहेबांच्या लेखी प्रमाणपत्र भिंतीवर लागलं की काम संपलं. रंगाचे उस्ताद ओदेरो यांना सगळे मानाने 'म्झे' म्हणत. त्यांच्या लेखी तर काम सुरूही झालं नव्हतं.

"गटाराची चित्रगुप्त!" ते तिला चिडवत.

"तुमची पापं भरपूर आहेत, म्झे. वही पुरायची नाही," ती म्हणे.

पण स्योकाउ हाती घेतलं ते नीट करणारी बाई. रंगवलेल्या लडी तीन वेळा खळबळत. दर वेळचं पाणी ती काचेच्या ग्लासात उजेडाला धरी आणि लिही. तीन महिन्यांनी मागची पानं चाळताना तिला दिसलं, की तिसऱ्या पाण्यापुढे जवळजवळ रोज एकच शब्द आहे: स्वच्छ. हे पाणी आपण गटारात ओततो? ती कांबा जमातीची, कोरड्या मुलखातली. तिच्या गावी कोरड्या नदीत खड्डा खणून पाणी काढावं लागे. तिचा जीव कळवळला.

"एका हौदाचं तिसरं पाणी पुढच्या हौदाच्या पहिल्या खळबळण्याला वापरू," तिने सुचवलं.

म्झे उसळले. "माझ्या रंगांना दुसऱ्याचं उष्टं पाणी?"

साहेबांनी मात्र एका हौदावर करून पाहायला परवानगी दिली. गडद निळ्याचं तिसरं पाणी फिक्या गुलाबी लोकरीला गेलं. डोळ्यांना न दिसलेली निळाई लोकरीने अचूक टिपली. तान्ह्या बाळांच्या स्वेटरांची ती लोकर तापातून उठलेल्या माणसाच्या ओठांसारखी दिसू लागली. म्झे हसून हसून बाकावर बसले. स्योकाउचा चेहरा एवढासा झाला.

"परवा तपासणी आहे," साहेब हळूच म्हणाले. "ते पान कोरंच राहू द्या."

"कोरं ठेवायचं होतं तर मला बसवलंत कशाला, साहेब?"

तिने काय चुकलं ते लिहिलं. का चुकलं, या रकान्यापाशी पेन अडलं. एकदम तिने कपाळावर हात मारून घेतला. मग भराभर लिहिलं.

नैरोबीहून तपासायला आलेल्या नेकेसा बाई नेमक्या त्याच पानावर थांबल्या आणि मोठ्याने वाचू लागल्या, "'कारण: हौदांचा क्रम उलटा लागला. आईने पाहिलं असतं तर थप्पड मारली असती.' हे काय?"

साहेबांनी डोळे मिटले.

स्योकाउ म्हणाली, "बाई, आमच्याकडे एका घमेल्यात सगळं घर धुतलं जायचं. आधी बाळाचे कपडे, मग शाळेचे, शेवटी बापाचे. बापाच्या पाण्यात बाळाचे कोण घालील? मी इथे तेच केलं. आधी फिका रंग, मग गडद, असं हवं होतं."

"मग तसं करून पाहिलंत?"

"उद्यापासून करणार आहोत," किथाका साहेब असे ठासून म्हणाले, जणू वर्षभर हेच ठरलेलं होतं.

बाईंनी ते लिहून घेतलं, त्यामुळे करणं भाग पडलं. सायीसारखा पांढुरका, पिवळा, केशरी, लाल आणि शेवटी काळा, असे रंग ओळीने लागले. मध्ये एक टाकी आणि नळ बसला. म्झेंनी दर लड उन्हात नेऊन उलटसुलट पाहिली, बोटांनी चोळली, नाकाशीसुद्धा धरली.

"काय म्हणता, म्झे?" तिने विचारलं.

"हं," ते म्हणाले. बावीस वर्षांत त्यांच्या तोंडून निघालेली ही सर्वांत मोठी स्तुती होती. स्योकाउ त्या दिवशी गुडघा विसरून घरी चालत गेली.

महिन्याअखेरीस पाण्याचा चौथा हिस्सा वाचलेला दिसला. प्रमाणपत्रही आलं, पण ते भिंतीवर लावायला कुणाला सवड नव्हती. कोणता रंग कधी लागणार, हे आता स्योकाउ ठरवी. विक्रीवाली टायवाली मंडळी तिच्या टेबलापुढे ताटकळत उभी राहत. "तुमचा काळा शुक्रवारी," ती सांगे, आणि त्यावर अपील नसे.

एका सकाळी ती आली, तर म्झे तिच्या खुर्चीत बसून वही चाळत होते.

"यात गरम पाण्याचं काहीच नाही," ते गुरगुरले. "रंगाचं उकळतं पाणी आपण तसंच सोडतो. त्याच्या उष्णतेवर नवं पाणी तापेल की नाही?"

"तापेल की. लिहा मग."

"मी? मी उस्ताद आहे, कारकून नाही."

तिने पेनाचं टोपण काढलं आणि पेन त्यांच्या हातात दिलं. म्झेंनी इकडेतिकडे पाहिलं, कुणी बघत नाही अशी खात्री केली, आणि वाकून लिहायला लागले.