मूठभर मसूर

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरच्या सुमनकाकू दिसतात. पुढ्यात ताट घेऊन तांदूळ निवडत असतात आणि दुकानदाराच्या नावानं बडबडत असतात.

“बघ गं मीनल, आजही मसूर. याला काही लाज आहे का?”

सून नुसती “हो ना” म्हणते.

गावाहून मुलाकडे राहायला आल्या तेव्हा सगळ्यांनी त्यांना सांगितलं, आता आराम करा. त्यांनी केला. वर्षभरात जेवण तुटलं, झोप उडाली, चालताना चक्कर येऊ लागली. डॉक्टरांनी सगळं तपासलं, काही निघालं नाही. कंटाळा रिपोर्टात येत नाही. आपण तो शब्द पोरांच्या सुट्टीपुरता वापरतो. पण तो मुक्कामालाच राहिला की माणूस आतून वाळत जातो. आपल्यावाचून कुणाचं काही अडत नाही, हे बहुतेक मनाआधी शरीराला कळत असावं.

मग मीनल पाकिटातल्या स्वच्छ तांदळात गुपचूप मूठभर मसूर मिसळू लागली. मला तिनंच हसत सांगितलं. काकूंची पाठ ताठ झाली, भूक परतली, आवाज तर थेट आमच्या ओट्यापर्यंत येऊ लागला.

काल मीनल घाईत मसूर न मिसळताच ऑफिसला गेली. काकूंनी ताट पुढ्यात ओढलं आणि तांदळावरून दोनदा हात फिरवला. मग उठल्या, डब्यातली मूठभर मसूर काढून तांदळात मिसळली आणि पुन्हा निवडायला बसल्या.

“हा दुकानदार काही सुधारायचा नाही,” म्हणाल्या, मला ऐकू येईल इतक्या मोठ्यानं.