टॉवरवरून पुणं दिसते काय?

मोबाइलच्या टॉवरवर कामासाठी चढणाऱ्यांजवळ किस्से लवकर साचतात. वर दिवसभर बोलायला कोणी नसतं, म्हणून खाली उतरलं की आमचं तोंड थांबत नाही! आमची गँग तिघांची. मी, नालवाडीचा सिद्धार्थ आणि कारंज्याकडचे नामदेवराव, सगळ्यांत मोठे.

सेलूजवळ एका टॉवरशेजारी म्हातारी मावशी कापूस वेचत होती. मी बेल्ट बांधत होतो. म्हणाली, "काऊन रे बाबू, वरून पुणं दिसते काय? माहा पोरगा तिथं कंपनीत हाये."

"नाई दिसत, मावशी. लय दूर हाये."

"मंग थोडसाक आनखी वर जाय ना!"

टोकावर पोचल्यावर मी उगाचच पश्चिमेकडे पाहिलं.

*

सिद्धार्थचं नवं लग्न, बायको माहेरी गेलेली. हा वर मायक्रोवेव्हची डिश समोरच्या टॉवरशी जुळवत होता. डिश केसभर हलली तरी सिग्नल पडतो. खालून इंजिनिअर ओरडले, "अरे, सिग्नल चालला कुठं?"

नामदेवराव शांतपणे म्हणाले, "सासरवाडीले, साहेब!"

*

एकदा टीव्हीचा जुना टॉवर उतरवायला गेलो. तिथून रिटायर झालेले ऑपरेटर काका इस्त्रीचा शर्ट घालून हजर! "इथूनच साऱ्या गावाले क्रिकेट दाखवलं म्या." जाताना त्यांनी एक बोल्ट मागितला. "टीव्हीवर ठेवतो." मग स्वतःच थांबले. "पण आता टीव्हीवर काई ठेवताच येत नाई ना राजेहो! चपटा झाला तो."

बोल्ट मात्र खिशात घालून नेला.

*

नामदेवराव गोंड. काम संपलं तरी ते टोकावर पाच मिनिटं जास्त थांबायचे. एकदा त्यांच्या वॉकीटॉकीचं बटण दाबलेलंच राहिलं. खाली आम्हाला ऐकू आलं. ते गोंडीत काहीतरी सांगत होते, मधेच हसत होते.

उतरल्यावर सिद्धार्थनं विचारलं, "दादा, कोणासंग बोलून राह्यलते?"

"बायकोसंग."

ती वारून तीन वर्षं झाली होती.

"घरी गोंडी कोणाले समजत नाई आता," एवढंच म्हणाले.

रिटायर झाल्यावर ते मुलाकडे नागपूरला राहायला जाणार होते. शेवटच्या दिवशी वर काहीच काम नव्हतं. तरी त्यांनी बेल्ट बांधला आणि चढले. बऱ्याच वेळानं उतरले, हेल्मेट माझ्या हातात दिलं.

"आज लय वेळ लागला, दादा?"

"तिले नागपूरचा पत्ता देत होतो," ते म्हणाले. "तीनदा म्हणवून घेतला तिच्याकडून."