एका 'एच'साठी अडलेले एक्स-रे

मंडळी, आज सकाळी एका अक्षरानं माझा घाम काढला.

मी कराडशेजारच्या मलकापूरला एक्स-रे सेंटरमध्ये कॉम्प्युटरचं बघतो. आमचे एक्स-रे क्लाउडवरच्या साठ्यात, म्हणजे बकेटमध्ये, आपोआप जातात आणि सांगलीचे डॉक्टर ते तिथून बघतात. आज कनेक्शनची जुनी किल्ली, म्हणजे पासवर्डसारखा कोड, बदलून नवी टाकताना बकेटचं नावच माझ्या हातून पुसलं गेलं. नाव कराड गावाचंच होतं एवढं आठवलं, म्हणून इंग्रजीत 'कराड' लिहिलं. कनेक्शन फेल!

समोर बाकावर पाय सुजलेले आजोबा, तिकडं डॉक्टर खोळंबलेले. बकेटच्या नावांची यादी बघायची परवानगी असलेला माणूस रजेवर. मी वैतागलो, "नवीच बकेट करतो."

स्पीकरवर टाकलेल्या फोनवर सांगली ऑफिसची वैशाली होती, मूळची शिराळ्याची. "थांबा दादा! आजोबांचे जुने एक्स-रे जुन्या बकेटमध्येच राहतील. डॉक्टर नवा कशाशी ताडून बघणार? त्यापेक्षा सांगा, तुमच्यातली जुनी माणसं कराडला काय म्हणतात?"

मी आजोबांकडं बघितलं. ते तडकलेच, "कऱ्हाड रं! कराड ते पाटीवरचं."

मधे 'एच' घातला आणि कनेक्शन लागलं. बकेटला नाव आमच्या थोरल्या डॉक्टरांनी दिलेलं, तेही जुने कऱ्हाडकरच.

"तुला सुचलं कसं गं?" मी विचारलं.

"आवं, आमच्या गावाला कोण शिराळा म्हणतंय, कोण शिराळं. गावाचं नाव लिहायच्या आधी मी तिथल्या माणसाला विचारतेच."

लय भारी पोरगी! तुमच्या गावाचं पाटीवरचं नाव काय, आणि घरातलं काय?