साडूभाऊ आणि चार असली चाकं

माझ्या साडूभाऊंना माणसाचा चेहरा लक्षात राहत नाही, चाक लक्षात राहतं. आमच्या बायकांच्या चुलतमामांचं नाव त्यांना अजून पाठ नाही. पण "ते नाही का, पाच आऱ्यांचं चाक, एक आरा जरा खरचटलेला," असं म्हटलं की मामा त्यांच्या डोळ्यांसमोर उभे राहतात. कुणाकडे जेवायला गेलो तर यजमान दारात हात जोडून उभे असतात आणि साडूभाऊ फाटकापाशी उकिडवे बसून त्यांच्या गाडीकडे बघत असतात. एकदा एका मंगल कार्यालयाबाहेर मुलाकडच्यांच्या गाडीचं चाक ते बोटाच्या पेराने ठोकून, कान लावून ऐकत होते. रखवालदाराने दंड धरला. साडूभाऊ शांतपणे म्हणाले, "धरा. पण आत जाऊन सांगा, मागच्या डाव्या चाकाला तडा आहे. वरात याच गाडीतून काढणार असाल तर हळू काढा." वरात हळूच निघाली, पण ती बँडवाल्यांमुळे, असं ताई म्हणतात. ताई म्हणजे माझी मोठी मेहुणी, त्यांची बायको.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. धायरीला वडिलांची शेती, दारात बैलगाडी. बी.कॉम. झालो, नोकरी लागली आणि कोथरूडची सोयरीक जमली. पदवीचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. पहिल्यांदा सासरी गेलो तेव्हा तिथल्या मंडळींनी "धायरीला अजून शेती होते का हो?" एवढंच विचारलं. साडूभाऊंनी मात्र मला खिडकीपाशी नेलं आणि विचारलं, "बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवतात, ती तापवूनच ना? मग पाणी ओतल्यावर लाकूड आवाज करतं का?" पदवीबद्दल बोलायच्या तयारीने गेलेला मी, धावेबद्दल बोलत बसलो. त्या दिवसापासून हा माणूस आतून कसा चालतो, याचं मला कुतूहल आहे.

दर रविवारी सकाळी कोथरूडच्या एका चहाच्या दुकानासमोर गाड्यांचे शौकीन जमतात. मला गाड्यांतलं काही कळत नाही. मी साडूभाऊंना ऐकायला जातो. तिथला कायमचा वाद म्हणजे असली चाक की रेप्लिका. परदेशातल्या नामांकित कंपनीचं अलॉयचं चाक असतं, त्याची हुबेहूब नक्कल कुठेतरी ओतून काढतात, ती रेप्लिका. दिसायला जुळी भावंडं. साडूभाऊंच्या मते रेप्लिका बसवणारा माणूस आणि खोटी सही करणारा माणूस यांत फरक एवढाच, की सही करणाऱ्याला निदान लाज वाटते. स्वतःच्या लहानशा गाडीला त्यांनी असली चाकं बसवली आहेत. परदेशी निघालेल्या एका गृहस्थाकडून ती घेतली आणि आणल्या दिवसापासून दात घासायच्या ब्रशने ते ती धुतात.

या वादात त्यांच्यासमोर उभे राहणारे एकच. दातांचे डॉक्टर. जाडजूड, हसतमुख, आणि गाडीला चारही रेप्लिका. "अहो, मी दिवसभर लोकांना खोटे दात बसवतो," ते म्हणायचे, "लोक त्यांनी ऊस खातात."

"तुमच्या दातांना घाटातलं वळण घ्यायचं नसतं, डॉक्टर."

"बघायला छान दिसल्याशी कारण."

"मग गाडी भिंतीला टांगा."

घाट हा साडूभाऊंचा हुकमाचा पत्ता. हिलक्लाइंब म्हणून एक शर्यत असते. घाटरस्ता बंद करतात आणि घड्याळ लावून एकेक गाडी वर सोडतात. साडूभाऊंनी तिथे गाडी कधी चालवली नाही. पण शर्यत असली की ते एका अवघड वळणावर छत्री घेऊन उभे राहतात आणि गाडी दिसायच्या आधी, नुसत्या आवाजावरून, चाक कसलं आहे ते सांगतात. त्यांचं बरोबर येतं की नाही हे तपासायला गाडी कुणी थांबवत नाही, त्यामुळे ते कधी चुकलेले नाहीत.

एका रविवारी डॉक्टरांनी जाहीर केलं, की या खेपेला हिलक्लाइंबला त्यांची गाडी उतरणार. रेप्लिकांसकट. साडूभाऊंचा चहा हातातच राहिला. त्यांनी टोमणा मारला नाही, यावरून प्रकरण गंभीर आहे हे मला कळलं.

"डॉक्टर, हे करू नका. वळणावर जोर आला की ओतीव चाक फुटतं."

"सिद्ध करा, नाही जात."

साडूभाऊंचं शास्त्र असं, की असली चाक दाबून घडवलेलं असतं म्हणून हलकं, आणि नकली जड. दोन्ही वजनाला टाकली की डॉक्टरांचे डोळे उघडतील. काटा मात्र कुणी शंका घेणार नाही असा हवा. माझ्या चुलतभावाचा मार्केट यार्डात कांद्याचा गाळा आहे. दोघांच्या गाड्यांचं एकेक चाक टायर उतरवून घेतलं आणि आम्ही तिघे तिकडे गेलो. हमाल गोळा झाले. डॉक्टरांचं चाक काट्यावर गेलं. साडूभाऊ म्हणाले, "आता बघा." आणि त्यांनी स्वतःचं चाक दोन्ही हातांनी, तान्हं मूल ठेवावं तसं ठेवलं.

काटा तिथेच येऊन थांबला. किंचित पुढेच.

"पाव्हणं," माझा भाऊ म्हणाला, "दोन्ही माल एकाच वावरातला दिसतोय की."

सगळे हसले. डॉक्टर हसले नाहीत. साडूभाऊंनी चाक खाली घेतलं, पेराने ठोकलं, कान लावला आणि कांद्याच्या पोत्यावर बसले. अख्ख्या पुण्याची चाकं ठोकून पाहणाऱ्या या माणसाने स्वतःचं चाक तोवर एकदाही ठोकलं नव्हतं. घरच्या माणसाला कुणी ओळखपत्र मागत नाही, तसं.

डॉक्टर शर्यतीत गेले. साडूभाऊ नेहमीच्या वळणावर उभे होते, छत्री घट्ट धरून. डॉक्टरांची गाडी वळली, किंचाळली आणि वर निघून गेली. चाकाला काही झालं नाही. शर्यत संपल्यावर डॉक्टर घाम पुसत आमच्याकडे आले आणि हात कमरेवर ठेवून उभे राहिले. साडूभाऊ म्हणाले, "छान चालवलीत. चाकंही छान आहेत."

डॉक्टरांचा चेहरा पडला.

तिथून रविवार बिघडले. साडूभाऊ येत, चहा घेत, आणि जो जे दाखवेल त्याला छान म्हणत. एकाने चाकांना पिवळा रंग दिला होता, तेही छान. ताई मला म्हणाल्या, "घरात हे माझ्या भाजीलाही छान म्हणतात. मला भीती वाटते." डॉक्टर तर एक दिवस माझ्या ऑफिसात आले. "त्यांना सांगा हो काहीतरी. हवं तर काटा चुकीचा होता म्हणतो मी. त्यांच्याशी भांडायचं नाही तर मी रविवारी सकाळी लवकर उठू कशाला?"

मी साडूभाऊंना गाठलं. ते म्हणाले, "ज्याला स्वतःचं चाक ओळखता आलं नाही, त्याने दुसऱ्याच्या चाकाबद्दल बोलू नये."

"साडूभाऊ," मी म्हणालो, "मला असली-नकली आजही कळत नाही. तुम्ही खरं बोलत होता की खोटं, हेही मला कळत नव्हतं. तरी मी दर रविवारी आलोच ना?"



पुढच्या रविवारी डॉक्टर नवी चाकं बसवून आले. आरशासारखी चकचकीत, मधोमध सोनेरी फूल. इतकी वाईट चाकं त्यांनी मुद्दाम शोधूनच आणली असणार. आम्ही सगळे साडूभाऊंकडे बघू लागलो. साडूभाऊंनी कप खाली ठेवला, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "बरी आहेत."

"बरी म्हणजे?" डॉक्टरांनी घाईने विचारलं.

"बरी म्हणजे बरी."

डॉक्टरांनी सगळ्यांसाठी पुन्हा चहा सांगितला. आमच्याकडे 'बरी' म्हणजे 'वाईट आहेत, पण बोलत नाही', हे पुणेकराला सांगायला नको. पण त्यानंतर गाडी 'बरी'वरच थांबली आहे. पूर्वी साडूभाऊ एकेका चाकावर सबंध सकाळ खर्च करत, तो आवाज अजून लागलेला नाही. डॉक्टरांनी ती सोनेरी फुलं अजून काढलेली नाहीत. रोज दवाखान्याबाहेर पेशंट हसतात, तरी ते ती चाकं फिरवतात, आणि रविवारी गाडी नेमकी साडूभाऊंच्या खुर्चीसमोर उभी करतात.