आखूड हातांची डॉक्टर

शिंपीणबाईंची धाकटी लेक उंचीला बेताची, बोलायला मात्र भारी. तिला जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं. शहरात मांजरं-कुत्री तपासायची, दवाखान्यात गार हवा खात बसायचं, असा तिचा बेत. शिक्षणाचा सगळा खर्च सरकारने उचलला. अट एकच: शिकून झाल्यावर पाच वर्षं सरकार पाठवेल तिथे नोकरी.

सरकारने पाठवलं डोंगरातल्या एका गावी. दवाखाना म्हणजे धान्याचं जुनं गोदाम. आत एक टेबल, एक कपाट आणि निवृत्तीला टेकलेला कंपाउंडर.

"याआधीचे डॉक्टर कुठे गेले?" तिने विचारलं.

"वर्षं भरली, गेले. त्यांच्या आधीचेही तसेच गेले," कंपाउंडर म्हणाला. "तुम्ही बसा ना. खुर्ची चांगली आहे."

पहिल्याच आठवड्यात एका गाईने तिला अशी लाथ घातली की ती थेट शेणात जाऊन बसली. गाय होती दूधवाल्या मावशींची. मावशी पोट धरून हसल्या, मग स्वतःच बादलीभर पाणी घेऊन आल्या. "मुली, गाईच्या मागे उभं राहू नये, एवढंही शिकवलं नाही का तुला कॉलेजात?"

"शिकवलं होतं हो. त्या दिवशी मी मांजर बघत होते."

पुढे मावशींचीच दुसरी गाय अडली. वासराचं डोकं दिसत होतं, एक पाय बाहेर आला होता, दुसरा आत दुमडलेला. डोकं मागे ढकलून तो पाय सरळ करायचा होता. पण गाय उंच, डॉक्टर बुटकी आणि हात आखूड. खांद्यापर्यंत हात घातला तरी ढकलायला जोर मिळेना. गोठ्याबाहेर जमलेल्या माणसांत कुजबुज सुरू झाली. 

डॉक्टर हात पुसत बाहेर आली. समोर टेकडीचा उतार होता.

"मावशी, गाय बाहेर काढा. तोंड उताराकडे करा तिचं."

"आता तिला देखावा दाखवणार का?"

"काढा तर खरं!"

गाईचा मागचा भाग वर आला, वासरू आपसूक आत सरकलं, जागा झाली. आणि चढावर उभी असल्यामुळे डॉक्टरही हातभर उंच झाली. दुमडलेला पाय खुराला धरून तिने सरळ केला, मग दोघींनी मिळून ओढलं. ओलंचिंब वासरू गवतावर पडलं आणि शिंकलं. डॉक्टर तिथेच फतकल मारून बसली आणि रडायला लागली. मावशींनी तिच्या पाठीवर धपाटा घातला. "हात आखूड, पण डोकं लांबवर पोचतं गं तुझं!"

पाच वर्षं संपली. आई न्यायला आली, तर लेक म्हणाली, "मला शस्त्रक्रिया शिकायची आहे. खर्च सरकारच करतंय. पण परत पाच वर्षं द्यावी लागतील."

"एकदा अडकलीस ते पुरलं नाही?"

"पुरलं नाही ना, आई."

आईने कपाळावर हात मारला आणि जाताना दवाखान्याच्या खिडकीला पडदे शिवून गेली.

शिकून डॉक्टरने त्याच गावची बदली मागून घेतली. खात्यातल्या साहेबांना वाटलं, हिची काहीतरी चूक होतेय. त्यांनी दोनदा विचारून खात्री केली.

तिथली पहिली मोठी शस्त्रक्रिया एका फुगलेल्या गाईच्या पोटाची. तेवढीच जागा बधिर करून, उभ्या गाईच्या कुशीला छेद घेतला. आतून निघाल्या प्लास्टिकच्या पिशव्या, सुतळी, आणि शेवटी एक अख्खी चप्पल. खिडकीत अर्धं गाव दाटीवाटीने उभं होतं. डॉक्टरने चप्पल धुऊन वर धरली.

"कोणाची आहे?"

कोणी कबूल होईना. मावशींनी नीट निरखून पाहिली आणि जाहीर केलं, "माझ्या सुनेची नाही. तिची निळी होती, आणि ती अजून सापडलेली नाही."

डॉक्टरने हातमोजे नीट केले आणि पुन्हा आत हात घातला.