आबांचा आवाज टेप करायचा होता…

ऐंशीच्या दशकातली एक शनिवारची दुपार. नाशिकची तांबट आळी, आणि माहेरच्या घरात मी उसना टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन बसलेली… तेव्हाची ही गंमत. गंमत म्हणायची की काय, ते तुम्हीच ठरवा.

आमच्या आबांच्या घशात गाठ निघाली होती. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन होतं. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, जीव वाचेल, पण आवाज जाईल. आबा मान डोलावून घरी आले आणि मुकाट्याने एका बंबाचं राहिलेलं काम घेऊन बसले.

मला मात्र काही सुचेना. आबांचा आवाज म्हणजे काय होता सांगू… जन्मभर तांबं ठोकणाऱ्या माणसाचा आवाज! साधं ‘चहा दे’ म्हणाले तरी चार घरं पलीकडे कळायचं. तो आता नाहीसाच होणार, ही कल्पनाच सहन होईना. मग ठरवलं, आई-आबांची रोजची चहावरची भांडणं टेप करून ठेवायची. भाषण नको, मुलाखत नको, नुसतं त्यांचं बोलणं.

ऑफिसातल्या मैत्रिणीने तिचा टेपरेकॉर्डर दिला, वर शिकवणीही घेतली. लाईटवर लावू नको, घूं आवाज येतो, सेलवर चालव. टेप रजईवर ठेव आणि माईक त्याच्यापासून लांब, नाहीतर मोटरची घरघर येते. माईकला लोकरी मोजा घाल, म्हणजे श्वासाची फुंकर बसत नाही. मी सगळं केलं. पंखा बंद, दाराला सतरंजी, कपाटावर गोधडी. आई म्हणाली, “बाळंतिणीची खोली केलीस गं!”

एवढं करून पहिल्या चाचणीत ऐकू काय आलं, तर ठण… ठण… ठण! आळीत सकाळपासून घरोघरी हातोड्या चालू. हंडे, कळश्या, घंगाळी… त्याला माझा मोजा काय पुरणार?

मग मी समोरच्या दगडूकाकांकडे गेले. हे आबांच्या हाताखाली काम शिकलेले, आळीत त्यांचा शब्द चालायचा. म्हटलं, काका, आबांचा आवाज टेप करायचाय, अर्धा तास सगळ्यांनी हात थांबवाल का? आबांना मात्र सांगू नका, उगाच अवघडून बसतील. काकांचे डोळेच भरून आले. “आबांसाठी ना पोरी? मग काय बोलायचंच नाय. तू खिडकीत लाल पंचा टाक, आळी गप!”

झालं. आबा बशीत चहा ओतून बसले, आई समोर. मी पंचा टाकला, टेपचं बटण दाबलं… आणि बघता बघता सगळी आळी शांत झाली. खरं सांगते, त्या आळीत जन्मले, वाढले, पण अशी शांतता मी क्वचितच ऐकली होती. क्वचित का, ते मात्र त्या क्षणी माझ्या टाळक्यात शिरलं नाही.

आबांनी बशी खाली ठेवली. त्यांना कानाने कमी ऐकू यायचं, पण ठोके थांबलेले बरोबर कळायचे. उठले, खुंटीवरची टोपी घातली. आईने डोक्यावरून पदर घेतला… आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्या आळीत भरदिवसा सगळ्या हातोड्या एकदम थांबतात त्या एकाच कारणाने. आळीतलं कोणीतरी गेलं की!

मी माईक घेऊन त्यांच्यामागे धावले, वायर पुरेल तिथपर्यंत. आबा दारात उभे राहून ओरडले, “कोण गेलं रे दगडू?”

दगडूकाका सरळ माणूस. तोंडातून निघून गेलं, “कोणी नाय आबा! तुमच्यासाठीच थांबलोय!”

बोलले आणि त्यांनी जीभ चावली. आळीभर सगळे खाली बघायला लागले. आई तर दाराची चौकट धरून उभी. मला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं.

आबांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. मग छाती भरून श्वास घेतला आणि असे गरजले म्हणता… “अरे मी हाय अजून! ठोका रे, ठोका!”

आधी कोणीतरी फिसकन हसलं, मग आबाच हसले, आणि हातोड्या पुन्हा सुरू झाल्या. नंतर कॅसेटची बाजू संपेपर्यंत आई-आबा साखरेवरून भांडले. त्यातलं अर्धं ठोक्यांतच गेलंय.

ऑपरेशन नीट झालं. आवाज गेला, पण आबा पुढे कितीतरी वर्षं राहिले. चहा हवा असला की फुलपात्रावर टकटक करायचे, आणि आई तोंडाने भांडायची. भांडण काही थांबलं नाही त्यांचं!

आबा गेले तेव्हा आळी खरीखुरी थांबली. रिवाजाप्रमाणे तिसऱ्या दिवशी काम सुरू व्हायला हवं होतं, पण पहिला ठोका द्यायला कोणाचाच हात उचलेना. दगडूकाका ऐरणीसमोर नुसतेच बसून होते. आईने ते खिडकीतून पाहिलं आणि मला म्हणाली, “ती कॅसेट लाव. मोठ्याने लाव.”

टेप खिडकीत ठेवला. आळीत पुन्हा तीच शांतता, आणि त्यात आबांचा आवाज, जरासुद्धा खरखर नसलेला… “अरे मी हाय अजून! ठोका रे, ठोका!”

दगडूकाकांनी बाहीने डोळे पुसले आणि हातोडी उचलली.

काका, त्या शनिवारी तुम्ही आळी थांबवलीत म्हणून एवढं एक वाक्य स्वच्छ मिळालं. तुमचे आभार मानायचे राहूनच गेले… आज मानते.